वाचकांचे प्रश्न : नरक्या, घाणेरा, अमृता

सह्याद्रीतील पावसाळी फुलोऱ्यावर मागील अंकात लिहिताना नरक्या या झुडपाचा ओझरता उल्लेख केला होता. इतर फुलांपेक्षा त्या दोन ओळींवरच अधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर नरक्यालाच दिले आहे. नाशिकच्या एका भगिनीच्या पत्राला उशीर करणे योग्य नाही, त्यामुळे ते आधी घेतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असून रुग्णालयात केमोथेरपी सुरू आहे. गावाकडच्या एका नातेवाइकांनी 'अमृता' या झाडाच्या वाळलेल्या काड्या आणून दिल्या आहेत. कर्करोगाचे औषध याच झाडापासून बनते आणि अमृता म्हणजे गुळवेलच, तेव्हा काढा देण्यास हरकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. काढा द्यावा का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : देऊ नये. एक कपही देऊ नये, आणि दिला गेला असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी वडिलांच्या डॉक्टरांना तसे कळवावे.

आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि एक चूक आहे. ती चूक नावामुळे झाली आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत गुळवेलीला 'अमृता' म्हटले आहे आणि घरोघर तिचे हे नाव ठाऊक आहे. सह्याद्रीतल्या नरक्यालाही बाजारात 'अमृता' हेच नाव आहे, पण या दोन वनस्पतींचे एकमेकींशी काहीही नाते नाही. गुळवेल ही झाडावर चढणारी वेल आहे. तिची पाने हृदयाच्या आकाराची असतात, सालीचा वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो आणि खोड आडवे कापले की गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. नरक्या हे उभे वाढणारे मोठे झुडूप आहे आणि त्याचे लाकूड भरीव असते. मात्र वाळलेल्या काड्या पुडीतून हातात आल्या, तर केवळ नजरेवर विसंबून घरच्या माणसाने निर्णय करू नये.

नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगाची औषधे तयार होतात, हे खरे आहे. मात्र मूळ कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झाला होता, आणि मूत्राशयाचा रक्तस्राव, तीव्र अतिसार, अस्थिमज्जेतील रक्तपेशींची घट अशा परिणामांमुळे तो थांबवावा लागला. आज रुग्णाला दिली जाणारी टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे त्या द्रव्याच्या रेणूत बदल करून बनवली आहेत. त्यांची मात्रा रुग्णाच्या शरीराच्या क्षेत्रफळावरून मोजली जाते, आणि प्रत्येक फेरीपूर्वी रक्ततपासणी करून ती कमी करायची की फेरी पुढे ढकलायची, हे ठरवले जाते. काढ्यात किती द्रव्य उतरले हे सांगण्याचा कोणताही मार्ग आपल्याकडे नाही, कारण एका झाडात ते दुसऱ्या झाडाच्या कितीतरी पट असू शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर जी औषधे दिली जातात त्यांत इरिनोटेकॅन हे एक प्रमुख औषध आहे. वडिलांना तेच सुरू असेल, तर घरी काढा पाजणे म्हणजे त्याच कुळातले विष मोजमापाशिवाय वर ओतणे होय. या औषधाने कित्येक रुग्णांना अतिसार होतो, शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला तर तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे काढा पोटात गेल्यावर जुलाब किंवा ताप यांपैकी काहीही झाले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डॉक्टर रागावतील म्हणून ही गोष्ट लपवू नये, आणि त्या काड्या सोबत न्याव्यात.

नातेवाइकांनी हे मायेपोटीच आणले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना दुखवण्याची गरज नाही, पण पुडी चुलीपासून दूर ठेवावी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला पायवाटेने फिरताना एका ठिकाणी काहीतरी सडल्यासारखा वास आला. मेलेले जनावर असेल असे वाटले, परंतु सोबतच्या स्थानिक माणसाने फिक्या पिवळसर फुलांच्या एका झुडपाकडे बोट दाखवून "घाणेरा" एवढेच सांगितले. आमच्याकडे घाणेरी म्हणतात ती ही नव्हे. हे झुडूप कोणते?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेला घाणेरा म्हणजेच नरक्या. ज्याच्या फुलांना नरकासारखी दुर्गंधी येते तो नरक्या, असा त्या नावाचा सरळ अर्थ आहे. आपल्याकडची घाणेरी, म्हणजे टणटणी, ही रंगीबेरंगी गुच्छांची, बाहेरून आलेली आणि माळरान व्यापणारी वनस्पती आहे. नरक्या इथलाच आहे, आणि टणटणी जितकी वाढते आहे तितकाच तो घटतो आहे. नावांतल्या या सारखेपणामुळे कुणी टणटणी उपटण्याच्या मोहिमेत घाणेरा उपटू नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नरक्या सहसा पुरुष-दीड पुरुष उंचीचे झुडूप म्हणून दिसतो आणि निवांत वाढू दिला तर त्याचे लहान झाड होते. साल करडी आणि सुरकुतलेली असते. पाने एकाआड एक असली तरी फांद्यांच्या टोकांना दाटीने येतात. ती रुंद, लांब देठाची असतात आणि बुडाशी पुष्कळदा दोन्ही बाजू सारख्या नसतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. पाने गळून गेलेल्या जागी फांदीवर ठळक वण राहतात, त्यामुळे फुले नसतानाही सरावलेला डोळा त्याला ओळखतो.

फुले अगदी लहान असतात आणि फांदीच्या टोकाला सपाटसर झुपक्यात येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसात मी असा झुपका भिंगाखाली धरून पाहिला होता. पाच पाकळ्या मागे वळलेल्या होत्या, त्यांच्या आतल्या बाजूला दाट पांढुरकी लव होती, आणि त्या लवेत पावसाचे थेंब न फुटता अडकून राहिले होते. माश्या आणि बारीक भुंगे एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जात होते. ज्या वासाने आपण नाक दाबतो त्याच वासाने त्या किड्यांना बोलावले होते, हे पाहिल्यावर मला ती दुर्गंधी पुन्हा कधी तितकी वाईट वाटली नाही. पाऊस ओसरता ओसरता फळे धरतात. ती लांबट असतात, पिकल्यावर जांभळी-काळपट होतात आणि प्रत्येकात एकच बी असते.

त्याच्या शास्त्रीय नावातही एक मुंबईची गोष्ट आहे. हे नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना असे आहे. जॉन ग्रॅहम यांची मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली, तीत त्यांनी ही वनस्पती मुंबईतील वनस्पतिप्रेमी जोसेफ निम्मो यांच्या नावाने नोंदवली. ग्रॅहम यांनी ती ऐरण या झुडपाच्या प्रजातीत घातली होती. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तिला 'दुर्गंधी' या अर्थाचे 'फीटिडा' हे विशेषण देऊन वेगळ्या प्रजातीत नेले, आणि कित्येक वर्षे 'मॅपिया फीटिडा' हेच नाव रूढ होते. औषधनिर्माणाच्या जुन्या लिखाणात आजही ते नाव आढळते, त्यामुळे दोन्ही नावे एकाच झुडपाची आहेत हे ध्यानात ठेवावे. सह्याद्रीखेरीज हे झुडूप श्रीलंका, ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड आणि तैवान या प्रदेशांतही वाढते. आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातील सदाहरित आणि निमसदाहरित जंगल हे त्याचे घर आहे.

प्रश्न : नरक्यातील औषधाचा शोध नंदुरबारच्या माणसाने लावला असे आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. हे खरे आहे का, आणि नंदुरबारला तर हे झुडूप दिसत नाही, मग त्यांना ते कुठे सापडले?
(एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : आपल्या प्राध्यापकांनी सांगितले ते खरे आहे, फक्त त्यात एक दुरुस्ती करावी लागेल. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते अमेरिकेत गेले, तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ पासून उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. या दोघांच्या गटाने १९६६ साली कॅम्प्टोथेसिनची रचना जगापुढे मांडली. मात्र त्यांनी ते द्रव्य नरक्यातून काढले नव्हते. ते 'कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा' या चीनमधील वृक्षातून काढले होते, आणि द्रव्याचे नावही त्या वृक्षावरूनच पडले. वॉल आणि वाणी यांनी पुढे १९७१ साली टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी द्रव्याचीही रचना उलगडली. दोन वेगवेगळ्या वनस्पतींतून कर्करोगावरची अशी दोन द्रव्ये हाती येणे हे एका आयुष्यात फार थोड्यांना साधले आहे. वाणी यांचे २०२० साली निधन झाले. नंदुरबारच्या शाळांत त्यांचे नाव याहून अधिक ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता नरक्याचा भाग. १९६६च्या त्या शोधानंतर सहाच वर्षांनी, १९७२ साली, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडामध्ये, म्हणजे आपल्या घाणेऱ्यात, तेच कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले. गोविंदाचारी त्या काळी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. म्हणजे नंदुरबारला जन्मलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून चिनी वृक्षात जे शोधले, ते सह्याद्रीच्या उतारावर, वासामुळे कुणी जवळ न जाणाऱ्या झुडपात, आधीपासूनच होते, आणि ते ओळखले गेले गोरेगावात. नरक्यातील या द्रव्याचे प्रमाण चिनी वृक्षापेक्षा चांगले असते असे पुढे दिसून आले, आणि त्या शोधापासूनच त्याच्यामागचा ससेमिरा सुरू झाला.

हे द्रव्य काम कसे करते, हेही विद्यार्थिनी म्हणून आपल्याला समजून घ्यावेसे वाटेल. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी त्याचे दोन धागे सुटे करावे लागतात. पिळाच्या दोरीचे दोन पदर एका टोकाने ओढून वेगळे करायला घेतले, तर पुढच्या भागात पीळ इतका आवळतो की दोरीला गाठी पडू लागतात. डीएनएचे तसेच होते. तो ताण सोडवण्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर असते. ते एका धाग्याला क्षणभर चीर देते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या चिरेत पाचरीसारखे बसते आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा त्या तुटक्या जागेवर येऊन आदळते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यामुळे त्यांना हा फटका अधिक बसतो. मात्र आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतल्या पेशीही वेगाने दुभंगतात, म्हणून त्यांनाही तो बसतोच. नाशिकच्या भगिनींना वर जे परिणाम सांगितले, त्यांचे कारण हे आहे.

हे कार्य १९८५ साली उलगडले आणि सोडून दिलेल्या द्रव्याकडे औषधनिर्माते पुन्हा वळले. इरिनोटेकॅन जपानच्या याकुल्ट कंपनीने घडवले, तीच कंपनी जिच्या आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्या आपल्याकडेही मिळतात. जपानमध्ये त्याला १९९४ साली परवानगी मिळाली, आणि अमेरिकेत १९९६ साली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या दोन्हींना मिळाली. टोपोटेकॅन अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर वापरतात.

प्रश्न : ही औषधे आता कारखान्यात बनतात ना? मग झाडे कशाला तोडली जातात?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : शेवटची पायरी कारखान्यात होते, सुरुवात मात्र अजूनही वनस्पतीपासून होते. कॅम्प्टोथेसिन पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवण्याची पद्धत १९७१ पासून माहीत आहे, परंतु ती लांबलचक आणि खर्चिक असल्याने झाडातून द्रव्य काढून त्यात बदल करणे स्वस्त पडते. जम्मूच्या संशोधकांनी २००५ साली नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली आणि ती बुरशीही कॅम्प्टोथेसिन बनवते असे दाखवले. त्यावर मोठी आशा निर्माण झाली होती, पण झाडाबाहेर पिढ्यान्पिढ्या वाढवत गेले की अशा बुरशींची ही क्षमता घटत जाते, ही अडचण अद्याप सुटलेली नाही.

प्रश्न : माझ्या मालकीच्या डोंगरउतारावर नरक्याची दहा-बारा झाडे आहेत. एक व्यापारी मुळासकट झाडे मागतो आहे. तुकडे करून, वाळवून पोत्यात भरून द्या, किलोवर पैसे रोख देतो, कागदपत्रांचे आम्ही बघतो, असे तो म्हणतो. जागा माझी, झाड माझे, तर विकण्यात गैर काय?
(एक शेतकरी, पाटण तालुका)

उत्तर : आपण विकण्याआधी विचारलेत याचे मोल मोठे आहे, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो.

आधी कायद्याचे पाहू. राखीव वनातून, अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून नरक्या तोडणे हा सरळ गुन्हा आहे. कोयना आणि चांदोलीचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मालकीच्या जागेतील झाडाबाबतही तोड आणि वाहतूक यांसाठी वनखात्याच्या परवानगीचा प्रश्न येतो, कारण पोत्यात भरलेल्या ढलप्या कोणाच्या जागेतल्या आहेत हे ढलप्यांवर लिहिलेले नसते. शिवाय जैविक विविधता कायदा, २००२ नुसार अशा रानातल्या वनस्पतीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते आणि लाभाचा वाटा द्यावा लागतो. "कागदपत्रांचे आम्ही बघतो" याचा अर्थ बहुतेक वेळा कागद नाहीतच, असा असतो. गाडी नाक्यावर पकडली गेली तर व्यापारी तेथे नसतो. गाडी चालवणारा आणि पोती भरणारा गावचा माणूस मात्र तेथे असतो. व्यापाऱ्याकडे मंडळाचे पत्र आणि वाहतूक परवाना मागा, आणि ते न दाखवता त्याने घाई केली तर वनपालांना किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता हिशोब. वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसिन एक टक्क्याहून पुष्कळ कमी असते. ते ०.१ टक्का धरले, तर एक किलो शुद्ध द्रव्यासाठी १,००० किलो वाळलेले लाकूड लागते, आणि ओले लाकूड वाळताना बरेच घटत असल्यामुळे प्रत्यक्ष तोड त्याहूनही जास्त होते. आपली दहा-बारा झाडे त्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने काही पोती आहेत. तो ती घेऊन पुढच्या वाडीवर जाईल. आपल्या उतारावर मात्र त्यानंतर काहीही उरणार नाही, कारण त्याने मुळे मागितली आहेत. मुळांत द्रव्य अधिक असते म्हणून तो ती मागतो, आणि या सबंध व्यवहारात मला सर्वांत अधिक खुपणारी गोष्ट हीच आहे. नरक्या बुंध्याशी कापला आणि मूळ जमिनीत राहिले तर खुंटाला धुमारे फुटतात आणि काही वर्षांत झुडूप पुन्हा उभे राहते. मूळ उपटले की धुमारा कोठून फुटणार?

कोयनेच्या परिसरात अशी तोड झालेली एक जागा मी पाहिली आहे. ओढ्याकाठी जमीन उकरलेली होती, खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले होते आणि एका दगडावर कोयत्याच्या घावांखाली पडलेल्या पिवळसर ढलप्या विखुरल्या होत्या, बहुधा पोते भरताना सांडलेल्या. बाजूला अंगठ्याएवढ्या जाडीची रोपेसुद्धा सोडलेली नव्हती. मी खाली बसून उगवलेले एखादे तरी रोप शोधत होतो, आणि त्या तुकड्यात मला एकही सापडले नाही.

आणखी एक बाब अशी की नरक्याची सगळी झाडे फळत नाहीत. काहींवर केवळ नरफुले येतात, काहींवर केवळ मादीफुले, तर काहींवर दोन्ही अंगे असलेली फुले. एखाद्या उतारावरची निवडक झाडे गेली आणि मागे एकाच प्रकारची राहिली, तर झाडे डोळ्यांना दिसत राहतात, पण बी धरत नाही. त्यामुळे संख्येवरून समाधान मानता येत नाही. भारतातील औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनांत नरक्याचा समावेश धोक्यातल्या जातींत झाला आहे, तो या तोडीमुळेच.

आपल्याला पैशाची गरज असेल, आणि ती नाकारण्याचा अधिकार मला नाही. परंतु आपल्याजवळ जे आहे ते बियाण्याचे झाड आहे. रीतसर लागवड करू पाहणाऱ्यांना खात्रीच्या झाडाचे ताजे बी आणि रोपे लागतात, आणि लागवडीतल्या मालाची विक्री कायद्याने अधिक सोपी आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जाऊन आपली झाडे लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घ्या. उद्या आपल्या उतारावरून कोणी चोरून नेली, तर ती होती याचा लेखी पुरावा गावाकडे राहील. लागवड उभी राहिल्यावर विकायचे झाले तरी परवानगीने, बुंधा हातभर ठेवून, आळीपाळीने काही झाडांच्या फांद्या विका, आणि मुळाला कोणालाही हात लावू देऊ नका.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या रोपवाटिकेत नरक्याची रोपे करण्याचा विचार आहे. मागील वर्षी मुलांनी फळे आणून उन्हाळ्यापर्यंत डब्यात ठेवली आणि मग पेरली, एकही उगवले नाही. आमचे काय चुकले?
(एक शिक्षक, राधानगरी तालुका)

उत्तर : डबा आणि उन्हाळा, या दोन्हींनी घात केला. नरक्याचे बी धान्यासारखे साठवून ठेवण्याचे नाही. ते वाळत जाते तसा त्यातला जीव कमी होत जातो. ज्या आठवड्यात फळ पिकले त्याच आठवड्यात ते पेरले जावे, हा पहिला नियम धरा.

फळे गोळा करताना झाड सोलून काढू नका. पक्षी आणि इतर प्राणी ही फळे खातात आणि बी दूर नेतात, त्यामुळे एका झाडावरची निम्म्याहून अधिक फळे तिथेच राहू द्यावीत. जांभळी-काळपट झालेली किंवा नुकतीच खाली पडलेली फळेच घ्यावीत, हिरवी तोडू नयेत. मुलांनी हातमोजे घालावेत, फळ चाखू नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हे मी सर्वांत ठळकपणे सांगतो, कारण पिकलेले फळ दिसायला जांभळासारखे असते आणि मुले शेवटी मुले असतात. लहान इयत्तांना या कामात घेऊ नये.

फळे पाण्यात चोळून गर काढावा आणि बी सावलीत, केवळ वरचे पाणी निथळेपर्यंत ठेवावे. गादीवाफ्यात किंवा पिशवीत जंगलातली पालापाचोळ्याची माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून बी स्वतःच्या जाडीइतकेच खोल पेरावे. वर पातळ आच्छादन आणि सावलीची जाळी हवी. माती ओलसर राहिली पाहिजे, चिखल होता कामा नये. उगवण संथ असते आणि सगळे बी एकदम उगवत नाही. पहिल्या महिन्यात काहीच दिसले नाही म्हणून वाफा मोडून टाकण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाफा राखावा. उंदीर आणि खारी बी उकरतात, म्हणून वरून बारीक जाळी अंथरावी.

रोपे वर्षभराची होईपर्यंत पिशवीत वाढवून दुसऱ्या पावसाच्या प्रारंभी लावावीत. जागा निवडताना गर्द सावलीचा गाभा नको आणि उघडा सडाही नको. जंगलाची कड, ओढ्याचा काठ, शेताच्या वरच्या अंगाचा पाणी न साचणारा बांध, या जागा त्याला मानवतात. एका ठिकाणी एकच रोप लावून थांबू नये. कोणते रोप नर होईल, कोणते मादी, हे फुले येईपर्यंत कळत नाही, म्हणून जवळजवळ निदान आठ-दहा रोपे असावीत आणि तीही वेगवेगळ्या झाडांच्या बियांची असावीत.

यासाठी एक सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. ज्या झाडाखालून बी आणले त्या झाडाला क्रमांक द्यावा, वहीत त्याची जागा लिहावी आणि तोच क्रमांक पिशवीला बांधलेल्या पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरावा. पेनाने लिहिलेला क्रमांक राधानगरीच्या पहिल्याच पावसात पुसून जातो.